खारूनकाठचा चौथा थर

पहाटे ५

फेब्रुवारीच्या अखेरीस भिलाईत पहाट गार असते आणि दुपारी बाराला ऊन टाळूवर येतं. उत्खननाचं काम या दोहोंमध्ये बसवावं लागतं, त्यामुळे पाचला उठल्याशिवाय गत्यंतर नसतं. मी सांगतोय तो दिवस 2013 च्या हंगामातला आहे. छत्तीसगढचा पुरातत्त्व विभाग तेव्हा जे. आर. भगत यांच्या नेतृत्वाखाली दुर्ग जिल्ह्यातल्या तरीघाटला खोदत होता, आणि मी तिथे छेदचित्रं काढायला जात होतो.

माझी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. यंत्रांचे भाग, त्यांचे उभे छेद, आडवे छेद. निवृत्त झालो तेव्हा पेन्सिल धरण्याची सवय हातात शिल्लक होती. मातीचे थर काढायला त्याच 4एच पेन्सिली, तोच ग्राफपेपर आणि तीच मोजपट्टी लागते. त्यात फक्त ओळंबा, सुतळी, खिळे आणि पाणसळ यांची भर पडली. पिशवी रात्रीच भरून ठेवायची. हिने डबा दिला, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि साडेपाचला घर सोडलं.

सकाळी ५.४०

आमचं गाव रशियाच्या मदतीने उभं राहिलं. करार 1955 चा. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू केली. माझे वडील त्याआधी दोन वर्षं वर्ध्याहून इथे आले. आमच्या पिढीच्या मनावर एक गोष्ट लहानपणापासून बिंबवली गेली: इथे आधी काही नव्हतं, नुसतं माळरान होतं, आपण इतिहास घडवला. खरं तर इथे गावं होती, शेतं होती, तळी होती, आणि कारखान्यासाठी त्यांची जमीन घेतली गेली. ती गावं ज्या मुलखात होती तो मुलूख किती जुना, हा प्रश्न आम्हाला शाळेत कुणी विचारला नाही आणि आम्हीही विचारला नाही. भिलाईच्या आसपास जुनं काय, असं कुणाला विचारलं तर फार तर देवबलोद्याच्या शिवमंदिराचं नाव निघतं. ते कलचुरींच्या काळातलं, त्यामुळे लोक हजार वर्षांच्या आतच थांबतात.

सकाळी ६.३०

उतई, सेलूद, पाटण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं, मधूनच लाखोळीचे हिरवे पट्टे, बांधांवर बाभळी. पळस नुकता पेटायला लागलेला. पाटणच्या पुढे खारून येते. ही नदी शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. पाण्याची वाट माणसाला थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत नेते. नकाशा समोर ठेवला की या काठावर नगर का वसलं हे उमगायला वेळ लागत नाही. पाणी आहे, धान आहे, दक्षिणेला दल्ली-राजहराचे लोखंडाचे डोंगर आहेत. आमच्या कारखान्याला ज्या डोंगरांनी खनिज पुरवलं, त्यांच्या पायथ्याच्या मुलखात, आजच्या बालोद जिल्ह्यात, करकाभाट आणि धनोरा इथे महापाषाणीय दफनं शेकड्यांनी पसरली आहेत. लोखंड वापरणारी माणसं या भागात आमच्या खूप आधी येऊन गेली.

धनोऱ्याला 1956-57 मध्ये खोदलं ते मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी. त्याआधी त्यांनी महानदीकाठच्या सिरपूरचे विहार उघडे केले होते. मराठी वाचकाला पुरातत्त्वज्ञांपैकी सांकळियांचं नाव ठाऊक असतं, देव आणि ढवळीकरही ठाऊक असतात. दीक्षितांचं नाव मात्र छत्तीसगढमध्ये जितक्या आदराने घेतलं जातं, तितकं महाराष्ट्रात ऐकू येत नाही. याची मला मनापासून खंत वाटते. त्रिपुरी, सिरपूर, कौंडिण्यपूर, एवढा पट्टा एका माणसाने अंगावर घेतला होता, आणि मण्यांबद्दल, काचेबद्दल त्यांनी लिहून ठेवलेलं आजही उघडावं लागतं. त्या दिवशी मला त्याची गरज पडणार होती.

सकाळी ७.१०

तरीघाटची टेकाडं लांबून उंच वाटत नाहीत. आजूबाजूची जमीन सपाट, म्हणूनच ती डोळ्यांत भरतात. मोठी टेकाडं चार. वरून चालताना पायाखाली खापरं कुरकुरतात. गावातल्या लोकांना पावसाळ्यानंतर इथे मणी सापडतात, नाणी सापडतात, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. विभागाने खोदायला सुरुवात केली तशी कुषाण आणि सातवाहन काळातली नाणी आली, मृण्मूर्ती आल्या, मणी आले, आणि ही आखणी करून वसवलेली, दोन हजार वर्षांहून जुनी नगरवस्ती होती, असं सांगितलं जाऊ लागलं.

कामावर गावातल्याच बाया-माणसं असत. ट्रेंचमध्ये खुरपी घेऊन बसणाऱ्यांत बाया जास्त. मला त्या कका म्हणत. इकडे काकाला कका म्हणतात, आणि ते ऐकल्यावर परकं वाटत नाही. दिवसाचं पहिलं काम झाडलोट. रात्रीचा पालापाचोळा, दवाने ओली झालेली वरची माती काढायची, कडा साफ करायच्या, चिठ्ठ्या जागेवर आहेत का ते पाहायचं. ऊन तिरपं असतानाच फोटो घेतले जातात. फोटोच्या वेळी ट्रेंचमध्ये एकही पाऊल उमटलेलं चालत नाही, आणि उमटलंच तर बाया एकमेकींना असं दटावतात की ऐकत राहावं.

सकाळी ८.३०

आमच्या ट्रेंचच्या पूर्व भिंतीला लागून राखेने भरलेला एक खड्डा निघाला होता. जुन्या लोकांनी कचरा टाकायला खणलेला असावा, तसा. त्यातली राख मोकळी, करडी. भोवतालची माती घट्ट, पिवळसर. खुरपीने राख काढता काढता एक बाई थांबली.

“कका, एदे देख तो.”

बोटाच्या पेरापेक्षा लहान, तांबड्या अकिकाचा मणी. दोन्ही टोकांकडून भोक पाडून मध्ये मिळवलेलं. जागा मोजून झाल्यावर राख पुसून उन्हात धरला तेव्हा आतून केशरी दिसला. सगळी जमली. हातोहात मणी फिरला नाही, कारण तशी सक्त शिस्त होती: वस्तू दिसली की हात मागे घ्यायचा, आधी जागा मोजायची. दोन भिंतींपासूनचं अंतर, ठरलेल्या शून्यबिंदूपासूनची खोली, फोटो, मग चिमूटभर कापसात ठेवून डबी. डबीवर ट्रेंच, थर, खोली, तारीख.

“कतका जुन्ना हे?” तिने विचारलं.

ट्रेंचचा पर्यवेक्षक तरुण मुलगा होता. त्याने लगेच आकडा सांगितला नाही, आणि मला तो त्याच क्षणी आवडला. “खड्डा कुठून खणलाय ते कळू दे, मग सांगतो दीदी,” तो म्हणाला.

मण्याची डबी बंद झाली तेव्हा मला वर्ध्याचा वडिलांचा मुलूख आठवला. नागपूरजवळच्या माहुरझरीला असे मणी घडवले जात. विदर्भातून निघालेला मणी खारूनपर्यंत येणं अशक्य नाही. तो इथलाच असणंही तितकंच शक्य आहे. दीक्षितांनी मण्यांचा अभ्यास करताना दगड कुठला, भोक कसं, घासणी कशी, हे एकेका मण्यासाठी नोंदवलं, ते यासाठीच. नुसत्या रंगावरून मण्याचं गाव सांगता येत नाही.

सकाळी १०

चहा आणि न्याहारी. बाया सकाळी बासी घेऊन येत: रात्रीचा भात पाण्यात, सोबत कांदा, हिरवी मिरची आणि टोमॅटोची चटणी. मला दरवेळी वाटा मिळे. पंधरा मिनिटांत सगळी परत जागेवर.

सकाळी १०.२० ते १२.३०

आता माझं काम.

पूर्व भिंतीवर सुतळी ताणली, पाणसळीने सरळ केली. दर वीस सेंटिमीटरवर ओळंबा सोडून वर-खाली मोजायचं, वीसास एक या प्रमाणात कागदावर टिंब द्यायचं, टिंबं जोडत थराची रेघ काढायची. सांगायला सोपं आहे. माती मात्र यंत्राच्या भागासारखी धारदार कडा दाखवत नाही. एक थर दुसऱ्यात विरघळत जातो, आणि रेघ कुठे मारायची ते तुम्हालाच ठरवावं लागतं. रंग, घट्टपणा, विटांचे तुकडे, कोळशाचे कण, खुरपीच्या पात्याचा आवाज, या सगळ्यांवरून.

वरचा पहिला थर नांगरटीचा. दुसरा तपकिरी, भुसभुशीत, विटांच्या चुऱ्याचा. तिसरा राखाडी. चौथा पिवळसर, ठोकून बसवलेला, बहुधा जमीन केलेली. पाचव्यात आमचा खड्डा शिरलेला. सगळा प्रश्न एवढाच होता: चौथा थर खड्ड्याच्या तोंडावरून सलग गेला आहे, की खड्डा चौथ्याला फोडून खाली उतरला आहे? सलग गेला असेल तर खड्डा त्या जमिनीखाली बंद झाला, म्हणजे मणी जमीन तयार होण्याआधी तिथे पडला. फोडला असेल तर खड्डा जमिनीनंतरचा. मधलं अंतर शंभर वर्षांचं असू शकतं, तीनशेचंही. शिवाय मणी खड्ड्याहून जुना असू शकतो. आजीच्या गळ्यातला मणी नातीच्या हातून हरवतो, हे सगळ्या काळात होत आलं आहे.

मी पेन्सिल टेकवली आणि थांबलो. खड्ड्याच्या उत्तर कडेवर चौथ्या थराची रेघ तुटलेली दिसत होती. पर्यवेक्षकाचं म्हणणं, खड्डा वरूनच खणलाय. तिथे आलेल्या एका अनुभवी गृहस्थांना ती तूट साधी भेग वाटली. बराच वाद झाला. वाद चांगला होता, कारण दोघेही भिंतीकडे बोट दाखवून बोलत होते. बाराच्या पुढे ऊन भिंतीवर पडून रंग फिका होऊ लागला. ठिपक्यांची रेघ काढून ठेवली आणि बाजूला लिहिलं, “दुपारी पाहणे.”

दुपारी १२.३०

जेवण, आणि बाभळीखाली थोडी पाठ टेकणं.

दुपारी १.१५

दुपारचं ऊन ट्रेंचला मानवत नाही, त्यामुळे हा वेळ खापरांच्या अंगणाचा. चुन्याने आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोन म्हणजे एका ट्रेंचचा एक थर. धुतलेली खापरं त्यात वाळत पडलेली. पाहुणे आले की नाण्यांच्या डब्या बघतात, फोटो काढतात आणि या अंगणाला वळसा घालून जातात. मला नेहमी त्यांना धरून इथे बसवावंसं वाटतं. नाणं माणूस जपून ठेवतो; ते बापाकडून मुलाकडे जातं, शंभर वर्षांनी जमिनीत पडतं. फुटलेली हंडी मात्र कुणी जपत नाही. ती फुटते त्याच अंगणात पडते. म्हणून थराचा काळ ठरवताना खापराची साक्ष मोठी.

काळी-तांबडी खापरं वेगळी काढायची, लाल लेप दिलेली वेगळी. काठ, बूड, तोटी, नक्षी यांचे तुकडे राखायचे. पोटाचे साधे तुकडे मोजून, वजन करून नोंदवायचे. काठाचा तुकडा वर्तुळांच्या कागदावर ठेवला की मूळ भांड्याचं तोंड किती रुंद ते कळतं. कंगव्यासारख्या काट्याने त्याचा बाक उतरवायचा, मग कागदावर अर्धा छेद आणि अर्धं बाहेरचं रूप. एका काठाला पंधरा-वीस मिनिटं. खापरं धुणाऱ्या बायांना कुठल्या पाटीत कुठली खापरं जास्त येतात हे आमच्यापेक्षा आधी कळे. “आज करिया जादा हे,” एकीने सांगितलं. आज काळी जास्त. ती पाटी पाचव्या थराची होती. वरच्या थरांत ती इतकी नव्हती. मी हे नोंदवहीत तिच्या सांगण्यासकट लिहिलं.

पौनीच्या उत्खननाचं मी पर्यवेक्षकाला सांगितलं ते इथेच. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी खोदलं आणि 1972 साली अहवाल छापून हातात दिला. त्यात थर आहेत, छेद आहेत, खापरांची चित्रं आहेत. आज कुणालाही त्यांचा निष्कर्ष पटला नाही तर तो अहवाल उघडून त्यांच्याच पुराव्यावर वाद घालू शकतो. नायकुंडला पेंचकाठी लोखंड वितळवण्याची भट्टी निघाली, इसवी सनापूर्वी सुमारे 700 ची. लोखंडाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या मला ती भट्टी नीट कळली, तीही कुणीतरी तिचं मोजमाप घेऊन लिहून ठेवलं म्हणून. खोदलेली माती पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. आपण खोदतो तेव्हा पुस्तकाचं पान वाचून फाडत असतो. जे उतरवून घेतलं नाही ते कायमचं गेलं. ट्रेंच उघडताना लोक येतात, पाट्या लागतात, बातमी येते. अहवालाची तारीख मात्र कुणी विचारत नाही. हा विचार मला तेव्हाही बोचत होता आणि आजही बोचतो.

दुपारी ३.३०

पुन्हा ट्रेंच. भिंतीची वरची कोरडी पापडी पात्याने अलगद खरवडली, वर ताडपत्री धरून सावली केली आणि फवाऱ्याने पाणी मारलं. ओल्या मातीत रंग जागे होतात. पिवळा पट्टा खड्ड्याच्या तोंडावर पातळ झालेला, पण दक्षिणेकडून मध्यापर्यंत सलग. उत्तर कडेला जिथे तो तुटला होता तिथे एक गोलसर, गडद, मऊ मातीची नळी खाली उतरलेली दिसली. पर्यवेक्षकाने बोटाने टोकरलं. आत दाण्यांची टरफलं होती, धानाची, ताजी वाटावीत अशी.

उंदराचं बीळ.

वाद मिटला, खड्डा चौथ्या थराखाली बंद झालेला होता. पण त्या बिळाने एक नवीन अडचण उभी केली. बीळ खड्ड्यात उतरलं होतं, आणि मणी त्याच्यापासून हातभर अंतरावर सापडला होता. वरच्या थरातला मणी उंदराच्या वाटेने खाली घसरला असेल का? हातभर अंतर थोडं नाही, भोवतालची राखही भुसभुशीत असली तरी हललेली दिसत नव्हती. माझं मत, मणी जागचाच. पर्यवेक्षकाचंही तेच मत. तरी त्याने पुरावस्तूंच्या वहीत मण्याच्या ओळीपुढे “बिळाचा संशय” असं लिहिलं. इतका देखणा मणी, आणि त्याच्यापुढे ही नोंद करायला माणसाचं मन मोठं लागतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सकाळच्या त्या बाईला त्याने बोलावून भिंत दाखवली, पट्टा दाखवला, बीळ दाखवलं. ती म्हणाली की असं बीळ दिसलं तर ती यापुढे आधीच सांगेल. शेतात तिला अशी बिळं ओळखू येतात.

संध्याकाळी ५

ताडपत्री, दगड, हत्यारं मोजून पेटीत. हजेरी. पाचव्या थरातल्या राखेतले कोळशाचे तुकडे अॅल्युमिनियमच्या पन्नीत बांधून वेगळे ठेवले. हाताचा स्पर्श झाला की काळमापनासाठी ते बिघडू शकतात.

संध्याकाळी ७.३०

घरी आंघोळ झाली की शेजारचे अण्णा यायचे. मदुराईकडचे. रेल मिलमध्ये त्यांची नोकरी झाली. आमच्या सेक्टरमध्ये तमिळ, मल्याळी, तेलुगू, ओडिया, पंजाबी, मराठी, सगळी घरं एका ओळीत. “भाऊ, आज काय निघालं?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्या दिवशी मी त्यांना मणी सांगितला आणि बीळही सांगितलं. “मग तो किती जुना?” “चौथ्या थराआधीचा, बहुतेक,” मी म्हणालो. त्यांना ते उत्तर अपुरं वाटलं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्यांच्याच मुलखात, वैगई नदीच्या काठी, कीळडीला खोदायला सुरुवात झाली. मदुराईपासून साधारण 12 किलोमीटर, नारळांच्या बागांखाली. विटांची बांधकामं, कड्यांच्या विहिरी, तमिळ-ब्राह्मीत नावं कोरलेली खापरं, अकिकाचे मणी. 2017-18 पासून तमिळनाडू राज्याने काम हातात घेतलं, 2019 मध्ये अहवाल काढला. त्यात 353 सेंटिमीटर खोलीच्या कोळशाचं वय इसवी सनापूर्वी 580 असं आलं. संघम काळाचं नगर काव्यात होतं ते जमिनीतही होतं, म्हणून सगळा प्रांत हेलावला. मार्च 2023 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. अण्णा जाऊन आले आणि माझ्यासमोर फोनवरचे फोटो एकेक करून ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते.

कीळडीच्या पहिल्या दोन हंगामांचे प्रमुख अमरनाथ रामकृष्ण यांनी 2023 च्या जानेवारीत आपला अहवाल केंद्रीय पुरातत्त्व खात्याला दिला; 2025 च्या मे महिन्यात खात्याने काळनिश्चितीबद्दल दुरुस्त्या मागत तो परत पाठवला, आणि त्यांनी आपल्या निष्कर्षांवर ठाम असल्याचं कळवलं. अण्णा चिडले होते. मी त्यांना म्हणालो, काळ कोणाचा खरा हे दिल्लीही ठरवू शकत नाही आणि चेन्नईही नाही. थर, छेद, कोळसा कुठून घेतला, हे सगळं छापून पुढे आलं पाहिजे, मग कुणीही तपासू दे. तेव्हा अण्णांनीच मला विचारलं, “आणि तुमच्या तरीघाटचं?” त्यांच्या गावाला संग्रहालय मिळालं, राज्य मागे उभं राहिलं. तरीघाटसाठी असं कुणी हेलावलं नाही. छत्तीसगढी माणसाला आपल्या नदीकाठी नगर होतं हे कळलं तर तोही हेलावेल, याबद्दल मला शंका नाही. ती बासी खाणारी, बिळं ओळखणारी बाई त्याच नगराच्या मातीवर धान लावते.

रात्री ९

जेवणानंतर दिव्याखाली दिवसाचा छेद पक्का करायचा. पेन्सिलीच्या रेघांवर शाई: ठाम रेघ अखंड, शंकेची तुटक. प्रत्येक थराला त्याची खूण, विटांच्या चुऱ्याला तिरप्या छोट्या रेघा, राखेला ठिपके. चौथा थर खड्ड्यावरून अखंड नेला. बिळाची नळी वेगळ्या खुणेने काढली आणि मण्याच्या जागी लहान फुली, शेजारी प्रश्नचिन्ह. कोपऱ्यात उत्तर दिशा, माप, तारीख, काढणाऱ्याची सही. मग नोंदवहीत पर्यवेक्षकासाठी दोन ओळी:

“पूर्व छेद: चौथा थर खड्ड्यावर सलग, उत्तरेस उंदराचं बीळ. उद्या बिळातली माती वेगळी चाळणे. आत वरच्या थराची लाल खापरं आली तर मण्याचा संशय कायम, न आली तर पुन्हा बोलू.”